बद्धकोष्ठावर चिनी औषध, चूर्ण की इसबगोल: एका वेळी एकच, आणि कोणत्या क्रमाने

जुनाट बद्धकोष्ठ असलेल्या माणसाच्या घरात उपायांचा तुटवडा नसतो. फडताळात इसबगोलाचा डबा, त्यामागे पोट साफ करणारं चूर्ण, एरंडेलाची बाटली, आणि हल्ली कोणीतरी सिंगापूरहून किंवा हाँगकाँगहून आणलेल्या काळ्या बारीक गोळ्यांची डबी. सोमवारी इसबगोल, बुधवारी चूर्ण, शुक्रवारी दोन्ही, रविवारी चिडून एरंडेल. महिन्याभराने विचारलं की नक्की कशाने फरक पडला, तर सांगता येत नाही.

मी सिंगापूरला राहत होते तेव्हा तिथल्या एका चिनी दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या आणि आईने पाठवलेलं चूर्ण एकाच रात्री घेतलं. पहाटे मुरडा, मग सहा जुलाब, उठताना डोळ्यांपुढे अंधारी. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून घटक वाचले तेव्हा उलगडा झाला: दोन्हींत एकाच जातीचं रेचक होतं, नावं तेवढी वेगळी. तेव्हापासून जो कोणी सल्ला विचारतो त्याला मी औषधाचं नाव सांगत नाही, क्रम सांगते. तो इथे सविस्तर लिहिते आहे. पायऱ्या गाळू नका. विशेषतः पहिल्या तीन. कंटाळवाण्या वाटतात म्हणून सगळे त्याच गाळतात.

पायरी १: आधी डॉक्टर कोणी गाठायचा

खालीलपैकी एक जरी गोष्ट असेल तरी घरचे प्रयोग बाजूला ठेवा:

- शौचातून रक्त, किंवा डांबरासारखं काळं शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या)
- प्रयत्न न करता वजन उतरणं, रक्तातलं हिमोग्लोबिन कमी येणं
- आयुष्यभर नियमित असलेलं पोट पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर अचानक बदलणं
- आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग
- पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वारासुद्धा सरत नाही

शेवटची गोष्ट असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. आतडं अडलेलं असताना रेचक घेणं जिवावर बेतू शकतं. चिनी असो, आयुर्वेदिक असो वा दुकानातली गोळी असो, या बाबतीत सगळी सारखीच.

वरचं काही नसलं तरी थायरॉईड, साखर आणि कॅल्शियम या रक्ततपासण्या एकदा करून घ्याव्यात. थायरॉईड कमी असेल तर वर्षभर चूर्णं खाऊनही मूळ कारण तसंच राहतं.

पायरी २: दोन आठवडे फक्त वही

या दोन आठवड्यांत नवा उपाय सुरू करायचा नाही. जे चालू आहे ते तसंच ठेवा आणि रोज पाच गोष्टी लिहा: किती वाजता झालं, शौच कसं होतं, कुंथावं लागलं का, पूर्ण झाल्यासारखं वाटलं का, आणि त्या दिवशी कोणतं औषध घेतलं.

"शौच कसं होतं" हे शब्दांत लिहायला संकोच वाटतो म्हणून आकडा वापरा. ब्रिस्टल तक्ता म्हणून सात प्रकारांचा एक तक्ता जगभरचे डॉक्टर वापरतात. १ म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक खडे, २ म्हणजे खडे एकत्र चिकटून झालेला गाठाळ गोळा, ३ म्हणजे वर भेगा पडलेलं, ४ म्हणजे मऊ, गुळगुळीत, सलग. ५ पासून पुढे सैल होत जातं आणि ७ म्हणजे निव्वळ पाणी. आपल्याला ४ हवा आहे; ३ आणि ५ ही चालतात.

वहीचा एक फायदा अनपेक्षित असतो. रोज झालंच पाहिजे हा आपल्याकडचा पक्का समज. प्रत्यक्षात दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा हा सगळा पट्टा निरोगी माणसांचा आहे. दर दोन दिवसांनी, न कुंथता, ४ नंबरचं शौच होत असेल तर ते बद्धकोष्ठ नाही. उलट रोज जाऊनही रोज कुंथावं लागत असेल, अर्धवट वाटत असेल, बोट लावावं लागत असेल, तर ते नक्कीच आहे.

एक साधी चाचणीही याच काळात करा. रात्री मक्याचे दाणे किंवा बीट खा आणि ते शौचात कधी दिसतं ते टिपा. साधारण एक ते दोन दिवसांत दिसलं तर आतड्याची चाल ठीक आहे. चौथा दिवस उजाडला तर चाल मंद आहे. ही ढोबळ चाचणी आहे, पण पुढे उपाय निवडताना उपयोगी पडते.

तपासा: दोन आठवड्यांच्या शेवटी तुम्हाला एका वाक्यात सांगता येतं का? "आठवड्यातून तीनदा, बहुतेक १ किंवा २ नंबर, दर वेळी कुंथून." सांगता येत नसेल तर आणखी एक आठवडा लिहा.

पायरी ३: घरातली सगळी औषधं एका टेबलावर

यात दोन कामं आहेत.

पहिलं, ज्या औषधांनी पोट घट्ट होतं ती ओळखायची. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या, ॲल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधं, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, अमिट्रिप्टिलिन, लघवीच्या घाईसाठीच्या काही गोळ्या, रक्तदाबावरचं व्हेरापामिल. यांतलं काही स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना पर्याय विचारा. पण हे औषध सुरू झालं त्याच महिन्यात पोट बिघडलं असेल तर ती तारीख वहीत लिहून त्यांना दाखवा.

दुसरं, पोट साफ करणारी जी जी औषधं, चूर्णं, चहा, गोळ्या घरात आहेत त्या सगळ्यांचे घटक कागदावर उतरवायचे. घटक लिहिलेले नसतील तर ते पाकीट टाकून द्या. "गुप्त मिश्रण", "पूर्ण नैसर्गिक" एवढंच लिहिलेलं औषध कितीही ओळखीच्या माणसाने दिलेलं असो, पोटात घालू नका. हा कागद सातव्या पायरीला लागणार आहे.

पायरी ४: बैठक आणि वेळ

इथे थोडक्यात. खाल्ल्यानंतर मोठं आतडं हलतं, आणि सकाळी ते सर्वांत जोरात हलतं. म्हणून नाश्ता-चहा झाल्यावर पंधरा ते तीस मिनिटांनी संडासात बसा. उपाशीपोटी जाऊन कुंथत बसण्याची सवय मोडा. दहा मिनिटं पुरेत. झालं नाही तर उठा. मोबाइल बाहेर.

कमोड असेल तर पायांखाली सुमारे वीस सेंटिमीटर उंचीचं स्टूल किंवा दोन पाट घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्या, किंचित पुढे झुका. भारतीय बैठकीत ही गोष्ट आपोआप होते. गुडघेदुखीमुळे कमोड बसवलेल्या घरांत मात्र स्टुलाचा विचार कोणी करत नाही, आणि आजीआजोबांचा त्रास तिथूनच वाढलेला असतो.

इशारा: कळ आली की उठा. बस सुटेल, मीटिंग आहे, शाळेत संडास घाण आहे म्हणून कळ दाबत राहिलं की शौच आत थांबतं, आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा खडा होतो.

पाण्याबद्दल: पाणी फार कमी पीत असाल तर वाढवा. पुरेसं पीत असाल तर आणखी चार तांबे प्यायल्याने शौच मऊ होत नाही. ते लघवीतून जातं.

पायरी ५: इसबगोल, पण चार आठवडे

इसबगोल हे सर्वांत जास्त वापरलं जाणारं आणि सर्वांत जास्त चुकीचं घेतलं जाणारं औषध. त्याची भुशी म्हणजे तंतू (फायबर); ती पाणी धरून फुगते आणि शौचाला मऊपणा व आकार देते. म्हणजे पाणी कमी दिलं तर ती आहे तोच खडा मोठा करते.

क्रम असा. पहिले चार-पाच दिवस एक लहान चमचा, मोठा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, त्यावर आणखी अर्धा पेला पाणी. मग दर चार-पाच दिवसांनी थोडं वाढवत दोन मोठ्या चमच्यांपर्यंत, म्हणजे साधारण दहा ग्रॅम, दिवसातून दोन वेळांत विभागून. तिथे पोचल्यावर थांबा आणि सुरुवातीपासून चार आठवडे पूर्ण होईपर्यंत निकाल लावू नका.

लोकांच्या चुका नेहमीच्याच असतात. कोरडी भुशी तोंडात टाकून वर घोटभर पाणी पितात. ती घशात फुगून अडकू शकते, म्हाताऱ्या माणसांत तर हमखास धोका. पहिल्याच दिवशी तीन चमचे घेतात, पोट ढोलासारखं फुगतं, आणि "मला इसबगोल मानवत नाही" असं कायमचं ठरवून टाकतात. किंवा जेव्हा अडतं त्या रात्रीच घेतात. इसबगोल हे त्या रात्रीचं औषध नाही. त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि रोज घेतलं तरच उपयोग होतो. इतर गोळ्यांपासून दोन तास दूर ठेवा, थायरॉईडच्या गोळीपासून तर जास्तच.

भुशी नको असेल तर हिरवी किवी रोज दोन, किंवा सुकवलेले आलुबुखार रोज पन्नास ग्रॅम दोनदा. या दोन्हींचा अभ्यास झाला आहे आणि दोन्ही उपयोगी ठरली आहेत. आपल्याकडच्या भिजवलेल्या मनुका, अंजीर, पपई, पेरू यांवर तसा अभ्यास नाही, पण तंतू मिळतात, स्वस्त पडतात, आणि आहारात असायलाच हवेत.

तपासा: चार आठवड्यांनी फुगारा वाढला आणि शौच होतं तसंच राहिलं, आणि मक्याचे दाणे चौथ्या दिवशी दिसले होते, तर तंतू आणखी वाढवू नका. मंद चालणाऱ्या आतड्यात ते नुसते साचतात. पुढच्या पायरीवर जा.

पायरी ६: पाणी ओढणारी औषधं

चिनी किंवा आयुर्वेदिक रेचकाकडे जाण्याआधी ही पायरी घ्या असं मी ठामपणे सांगते. पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते, शरीरात जवळपास शोषली जात नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०२३ साली जुनाट बद्धकोष्ठासाठी जी मार्गदर्शक सूची काढली त्यात हिला ठाम शिफारस आहे, आणि तंतू व सोनामुखीला सशर्त. मात्रा साधारण १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात, रोज एकदा. परिणाम एक ते तीन दिवसांत. दोन आठवडे घेऊन बघा.

इशारा: औषधाच्या दुकानात याच पावडरीचं सुमारे १३७ ग्रॅमचं मोठं पाकीटही मिळतं. ते दोन लिटर पाण्यात कालवून दुर्बिणीच्या तपासणीआधी आतडं पूर्ण रिकामं करण्यासाठी असतं. ते रोजच्या वापराचं नाही. पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका.

लॅक्ट्युलोजचं गोड सिरप हा दुसरा पर्याय. १५ ते ३० मिली. त्याने वारा जास्त धरतो. मॅग्नेशियमचं पांढरं दूध मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

याच पायरीवर एक नियम ठरवून टाका, तो पुढच्या सगळ्या पायऱ्यांना लागू: कोणताही उपाय चालू असताना लागोपाठ तीन दिवस काहीच झालं नाही, तर एक ठरावीक "अडल्या वेळेचं" औषध घ्यायचं, ग्लिसरीनची गुदवर्ती (गुदद्वारात सरकवायची कांडी) किंवा बिसाकोडिलची एक ५ मिलिग्रॅमची गोळी, आणि वहीत खूण करायची. हे ठरलेलं नसेल तर चौथ्या दिवशी माणूस घाबरून कपाटातलं सगळंच एकदम घेतो. बिसाकोडिलची गोळी गरम दुधाबरोबर घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती चूक आहे. दुधाने आणि आम्लपित्ताच्या औषधाने गोळीचं वरचं आवरण जठरातच विरघळतं आणि पोटात कळा येतात. तासभर मागेपुढे दूध नको, गोळी चावू नका, पाण्याबरोबर घ्या.

पायरी ७: एकाच रेचकाची अनेक नावं

आता तिसऱ्या पायरीतला कागद काढा. पुढे चिनी औषध घ्यायचं असो वा नसो, हा भाग नीट वाचा, कारण माझ्यासारखा त्रास होतो तो इथेच.

सोनामुखी, रेवंदचिनी, काळा बोळ म्हणजे कोरफडीचा सुकवलेला पिवळा चीक, बहाव्याच्या शेंगेतला मगज: या सगळ्यांत अँथ्राक्विनोन नावाच्या गटातली द्रव्यं असतात. ती मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथल्या जिवाणूंमुळे जागी होतात आणि आतड्याला चाबूक मारल्यासारखं हलवतात. म्हणून रात्री घेतलं की सहा ते बारा तासांनी, सकाळी, परिणाम दिसतो. यांनी लघवीही पिवळी-तांबूस दिसते. घाबरू नका, पण दिसली तर समजा की या गटातलं काहीतरी पोटात गेलंय.

चिनी नावं अशी. दा हुआंग म्हणजे रेवंदचिनीच्याच कुळातलं मूळ. नावातला "चिनी" उगाच आलेला नाही. फान शिए ये म्हणजे सोनामुखीची पानं. लू हुई म्हणजे कोरफडीचा चीक. आणि ज्युए मिंग झी म्हणजे टाकळ्याच्या किंवा त्याच्या सख्ख्या भावंडाच्या बिया, ज्या टाकळ्याची कोवळी भाजी आपण कोकणात पावसाच्या सुरुवातीला खातो. चिनी दुकानांत त्या भाजून "डोळ्यांसाठी", "वजनासाठी" म्हणून चहाच्या रूपात विकतात. वजन कमी करण्याच्या चहात सोनामुखी हमखास सापडते. म्हणजे कोणी सकाळी तो चहा, रात्री चूर्ण आणि जेवणानंतर चिनी गोळ्या घेत असेल तर त्याने एकच रेचक तीनदा घेतलं.

आपल्याकडच्या चूर्णांत आणखी दोन गोष्टी बघा. एक, काळं मीठ, सैंधव, सज्जीखार. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याला रोजचं हे मीठ जास्त होतं. दुसरी, ज्येष्ठमध. अनेक चिनी काढ्यांतही ते गान साओ नावाने असतं. ज्येष्ठमध महिनोन्महिने पोटात गेलं की रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो; जुलाबाने पोटॅशियम आणखी उतरतं; त्यात लघवी होण्याची गोळी चालू असेल तर हृदयाची लय बिघडण्यापर्यंत जाऊ शकतं. पायात गोळे येणं, धडधड, विलक्षण थकवा ही लक्षणं दिसली की सगळं थांबवा आणि रक्त तपासा.

त्रिफळा या यादीत बसत नाही. हिरडा, बेहडा, आवळा यांचं ते मिश्रण सारक आहे. आपल्या भाषेत सारक आणि रेचक हे दोन शब्द वेगळे आहेत ते याचसाठी. रात्री झोपताना कोमट पाण्यातून साधारण तीन ते पाच ग्रॅम, चार आठवडे. पण "त्रिफळा" नावाच्या काही गोळ्यांत सोनामुखीही मिसळलेली असते, तेव्हा घटक वाचा किंवा साधं चूर्ण घ्या. एरंडेल वेगळ्या पद्धतीने, लहान आतड्यावर काम करतं, दोन ते सहा तासांत. ते रोजच्या वापराचं नाही, आणि गरोदरपणात अजिबात नाही.

तपासा: कागदावर अँथ्राक्विनोन गटातल्या औषधांखाली लाल रेघ मारा. एका वेळी लाल रेघेचं एकच औषध. चिनी औषध सुरू करायचं असेल तर त्याआधी दोन आठवडे लाल रेघेचं काहीही नको. त्या काळात सहाव्या पायरीतली पावडर चालेल.

पायरी ८: चिनी औषध नीट कसं घ्यावं

माणूस आधी निवडा, औषध नंतर. सिंगापूर, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया या तिन्ही ठिकाणी चिनी वैद्यांची सरकारी नोंदणी असते आणि नोंद असलेल्यांची यादी सर्वांना पाहता येते. तिथे राहणाऱ्या मराठी माणसांनी दुकानाच्या काउंटरवर लक्षणं सांगून डबी आणण्यापेक्षा नोंदणी असलेल्या वैद्याकडे जावं. हाँगकाँगच्या डबीवर "एचके" अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, ऑस्ट्रेलियात "ऑस्ट एल" (AUST L) आणि पुढे आकडा. तो नसलेली डबी घेऊ नका.

वैद्य जीभ बघेल, दोन्ही मनगटांवरची नाडी बघेल, आणि पोटाखेरीज बरंच विचारेल: हातपाय गार पडतात का, तोंड कोरडं पडतं का, झोप कशी, पाळी कशी, शौच कोरडं आहे की मऊ असूनही जोर नाही. त्यांच्या शास्त्रात बद्धकोष्ठ एक नाही. उष्णतेचं आणि कोरडेपणाचं, "ची" म्हणजे शरीरात वाहणारी प्राणशक्ती अडकल्याचं, अशक्तपणाचं, थंडीचं असे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. आपल्याकडे वैद्य क्रूर कोष्ठ, मृदू कोष्ठ बघतात तसंच. म्हणूनच मैत्रिणीला लागू पडलेली डबी तुम्ही उचलून घेणं ही सर्वांत मोठी चूक. अशक्त म्हाताऱ्या माणसाला उष्णतेवरचं जहाल रेचक दिलं तर जुलाब होतील आणि तो आणखी गळेल.

कोरडेपणाच्या प्रकारावर सर्वांत प्रसिद्ध औषध म्हणजे मा झी रेन वान. घटक सहा: भांगेच्या झाडाचं बी (नशा न आणणारं), जर्दाळूच्या बियांचा गर, पिओनीचं मूळ, कच्चं कडू संत्रं, मॅग्नोलियाची साल आणि दा हुआंग. तेलकट बिया शौच मऊ करतात, साल आणि संत्रं फुगारा उतरवतात, दा हुआंग हलवतं. हाँगकाँगमध्ये यावर नीट चाचण्या झाल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २९१ रुग्ण होते: एका गटाला हे औषध, दुसऱ्याला सोनामुखी, तिसऱ्याला औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय पावडर, आठ आठवडे. सुधारणा अनुक्रमे सुमारे ६८, ५८ आणि ३३ टक्क्यांना. औषध थांबवल्यानंतरच्या आठ आठवड्यांत ४७, २१ आणि १८ टक्के.

यातला ३३ हा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निष्क्रिय पावडरीनेही तिघांत एकाला बरं वाटलं. म्हणजे पहिल्या आठवड्यात पोट छान साफ झालं यावरून औषध लागू पडलं असं ठरत नाही. आठ आठवडे घ्या, मग थांबवा, आणि थांबवल्यानंतरही वही लिहा. निकाल तिथे लागतो.

घेण्याची पद्धत. तयार गोळ्या किंवा दाणेदार पावडर घेत असाल तर डबीवरची मात्रा आणि कोमट पाणी, एवढंच. कच्च्या वनस्पतींचा काढा दिला असेल तर चुका सुरू होतात:

१. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको. मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं घ्या.
२. आधी गार पाण्यात अर्धा तास भिजवा. थेट उकळत्या पाण्यात टाकू नका.
३. उकळी आली की आच मंद करून वैद्याने सांगितली तेवढी मिनिटं ठेवा.
४. दा हुआंग वेगळ्या पुडीत दिलं असेल तर ते शेवटच्या काही मिनिटांतच टाकायचं. जास्त उकळलं की त्याची रेचक द्रव्यं मोडतात आणि जोर कमी होतो. उलट वैद्याने मुद्दाम सौम्य परिणामासाठी ते बाकीच्याबरोबर उकळायला सांगितलं असेल आणि तुम्ही शेवटी टाकलंत तर जुलाब होतील. दवाखाना सोडण्याआधी हे विचारून पुडीवर मराठीत लिहून घ्या.

इशारा: गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणारे यांनी दा हुआंग असलेलं औषध स्वतःहून घेऊ नये. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर दांग ग्वेई नावाची चिनी मुळी असलेली औषधं टाळा. अशक्तपणाच्या बद्धकोष्ठावर ती सर्रास दिली जातात. "हे शोउ वू" नावाचं मूळ केसांसाठी आणि पोटासाठी विकलं जातं. त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. ते घेऊ नका. कोणत्याही काढ्यानंतर डोळे पिवळे होणं, गडद लघवी, अंगाला खाज दिसली तर त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना डबी दाखवा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना या औषधाबद्दल सांगा. "ते काय, झाडपाल्याचं आहे" म्हणून लपवू नका.

भारतात राहणाऱ्यांना मात्र ऑनलाइन मागवलेल्या चिनी डब्या घेऊ नका असंच सांगेन. बघायला वैद्य नाही, क्रमांक पडताळता येत नाही, आणि मागाहून त्रास झाला तर कोणाला विचारायचं ते ठरलेलं नाही.

पायरी ९: सुया

ॲक्युपंक्चर महाराष्ट्रात करून बघता येतं. त्यासाठी राज्याचा २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. उपचार करणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारायला कचरू नका.

चीनमधल्या पंधरा रुग्णालयांत १,०७५ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. नाभीच्या दोन्ही बाजूंना, ओटीपोटावर आणि पायाच्या नडगीजवळ सुया लावून सौम्य वीजप्रवाह दिला. आठवड्यात तीन किंवा अधिक वेळा आपोआप आणि पूर्ण शौच होण्याचं प्रमाण खऱ्या उपचारात सुमारे ३१ टक्के, वरवर टोचण्याच्या खोट्या उपचारात १२ टक्के. पण त्यासाठी आठ आठवड्यांत २८ बैठका लागल्या: पहिले दोन आठवडे पाच-पाच, पुढे तीन-तीन. दोन बैठकांनंतर "काही झालं नाही" म्हणून सोडणारे इथे चुकतात. तेवढा वेळ आणि पैसा नसेल तर सुरूच करू नका. सुया तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेल्या, एकदाच वापरायच्या असाव्यात. पेसमेकर असणाऱ्यांना वीजप्रवाह चालत नाही.

पायरी १०: काहीच लागू पडलं नाही तर

इथवर येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा दोष आतड्याच्या चालीत नसतोच, दारात असतो. कुंथताना गुदद्वाराचे स्नायू सैल पडायला हवेत. यांचे उलट आवळतात. खुणा अशा: शौच मऊ असूनही निघत नाही, दाराशी अडल्यासारखं वाटतं, बोट लावावं लागतं किंवा बायकांना योनीच्या बाजूने दाबावं लागतं, मक्याचे दाणे वेळेवर दिसतात तरीही त्रास. बाळंतपणानंतर सुरू झालेल्या त्रासात हे विशेष बघावं.

यावर कोणतंही रेचक, भारतीय वा चिनी, पुरं पडत नाही. पोटविकारतज्ज्ञांना गुदद्वाराच्या दाबाची तपासणी आणि फुगा बाहेर टाकण्याची चाचणी करायची का, असं नेमकं विचारा. दुसऱ्या चाचणीत पाणी भरलेला लहान फुगा आत ठेवतात आणि तो किती वेळात बाहेर टाकता येतो ते बघतात; काही मिनिटांचं काम. दोष सापडला तर उपाय औषध नाही, बायोफीडबॅक नावाचं शिक्षण आहे: पडद्यावर स्वतःच्या स्नायूंचा दाब बघत, ते सैल सोडायला शिकणं. साधारण पाच-सहा बैठका लागतात.

चाल मंद असेल तर डॉक्टरांकडे प्रुकॅलोप्राइड, लिनॅक्लोटाइड, ल्युबिप्रोस्टोन अशी पुढची औषधं आहेत. तपासणीला जाताना वही, लाल रेघांचा कागद आणि आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या चिनी, आयुर्वेदिक डब्या पिशवीत घालून न्या. कोणता उपाय कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत घेतला ते वहीच्या पहिल्या पानावर एकाखाली एक लिहून ठेवा. ओपीडीत तुमच्या वाट्याला दहा मिनिटं येतात, आणि डॉक्टर ते पान आधी वाचतात.